मेरिटमध्ये आलात, शाळाही मिळाली, आता पुढे काय? वऱ्हाडातल्या नव्या शिक्षण सेवकांची खरी परीक्षा

डी.एड. किंवा बी.एड. झालं. टीईटी पास केली. अभियोग्यता चाचणीत दोन तासांत २०० प्रश्न सोडवले. पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरले, यादीत नाव आलं, कागदपत्रांची तपासणी झाली आणि एक दिवस आदेश हातात पडला. अमुक तालुका, अमुक गाव, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा. आदेशाचा फोटो स्टेटसला गेला, अभिनंदनाचे मेसेज आले.

त्यानंतरच्या पहिल्या महिन्याचे फोटो मात्र फार कुणी टाकत नाही. एका खोलीत दोन वर्ग बसलेत. तिसरीतल्या पाच मुलांना जोडाक्षर असलेला शब्द वाचता येत नाही. मुलं बोलतात ते निम्मं कळत नाही. मुख्याध्यापकांनी एक रजिस्टर आणि तीन पोर्टलचे पासवर्ड हातात दिलेत. संध्याकाळी खोलीवर परतताना एकच प्रश्न डोक्यात असतो, 'मला शिकवता येत नाही की काय?'

फेब्रुवारी २०२४ मध्ये पवित्र पोर्टलवरून, मुलाखतीशिवायच्या पदांसाठी, ११ हजारांहून जास्त उमेदवारांची शिफारस झाली. मे-जून २०२५ मध्ये पुन्हा अभियोग्यता चाचणी झाली. म्हणजे हा प्रश्न स्वतःला विचारणारे हजारो तरुण शिक्षक सध्या राज्यात आहेत. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत त्याला आणखी काही पदर आहेत. या अडचणींपैकी किती तुमच्या आहेत, किती व्यवस्थेच्या आहेत आणि कुठली अडचण कशी हाताळता येते, ते समजून घेऊया.

शिक्षण सेवक म्हणजे नेमकं कोण?

महाराष्ट्रात नवा शिक्षक थेट नियमित वेतनश्रेणीत येत नाही. २००० साली सुरू झालेल्या योजनेनुसार त्याला आधी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावं लागतं. हा काळ समाधानकारक गेला की नियमित वेतनश्रेणी मिळते.

प्राथमिक शिक्षण सेवकाचं मानधन अनेक वर्षं महिना ६ हजार रुपये होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते १६ हजार झालं. माध्यमिकसाठी १८ हजार आणि उच्च माध्यमिकसाठी २० हजार. तुलना करायची तर सातव्या वेतन आयोगानुसार नियमित प्राथमिक शिक्षकाचं नुसतं मूळ वेतनच २९ हजार २०० पासून सुरू होतं. वर्ग तेच, पुस्तकं तीच, जबाबदारीही तीच.

त्यामुळे पहिल्या तीन वर्षांत दोन दडपणं एकत्र येतात. काम पूर्ण शिक्षकाचं असतं आणि नोकरी अजून कायम झालेली नसते. 'काही विचारलं तर आपल्याला काही येत नाही असं वाटेल,' या भीतीने बरेच जण गप्प राहतात. पुढच्या अनेक अडचणी या गप्प राहण्यातून वाढतात.

धक्का सगळ्यांनाच बसतो का?

हो. आणि हे जगभर तपासून झालेलं आहे. नेदरलँड्सचे संशोधक सायमन वीनमन यांनी १९८४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ८३ अभ्यासांचा आढावा घेतला. नव्या शिक्षकांना सर्वांत जास्त काय जड जातं, हा त्यांचा प्रश्न होता. पहिल्या क्रमांकावर वर्गातली शिस्त आली. त्यानंतर मुलांना अभ्यासात रस वाटायला लावणं, वेगवेगळ्या पातळीच्या मुलांना सांभाळणं, मूल्यमापन आणि पालकांशी संबंध. कॉलेजात ठरवलेलं आणि वर्गात घडणारं यांतल्या अंतराला त्यांनी 'वास्तवाचा धक्का' म्हटलं.

आपल्याकडे हे अंतर कुठून येतं? डी.एड., बी.एड.च्या सराव पाठांकडे बघा. एक वर्ग, एक घटक, एक तासिका, तयार केलेलं शैक्षणिक साहित्य आणि मागे बसलेले निरीक्षक. मुलंही त्या दिवशी शहाण्यासारखी वागतात. प्रत्यक्षात मिळते ती द्विशिक्षकी शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक द्यायचे असतात. गाव छोटं असेल तर चार-पाच वर्ग मिळून वीस-तीस मुलं असतात आणि दोन शिक्षक. त्यातला एक मीटिंगला किंवा रजेवर गेला की सगळी शाळा एकट्यावर.

म्हणजे प्रशिक्षण एका कामाचं झालंय आणि काम दुसरंच मिळालंय. हे लक्षात आलं की 'मला शिकवता येत नाही' या वाक्यातला बराच भाग गळून पडतो. उरतो तो शिकून घेता येतो.

दोन वर्ग एका खोलीत, कसं जमवायचं?

नवे शिक्षक बहुधा एक चूक करतात. तिसरीला शिकवताना चौथीला 'गप्प बसा, पान वाचा' सांगतात आणि मग चौथीकडे वळतात. दोन्हीकडे अर्धा वेळ वाया जातो, आणि आवाज वाढतो तो वेगळाच.

बहुवर्ग अध्यापनाचा साधा नियम असा आहे: ज्या वर्गाजवळ शिक्षक नाही, त्या वर्गाला नवीन काही द्यायचं नाही. त्यांना आधीच समजलेल्या भागाचा सराव द्यायचा.

४० मिनिटांची तासिका अशी मांडता येते. पहिली ५ मिनिटं दोन्ही वर्ग एकत्र: पाढे, गाणं किंवा कालच्या धड्यावर प्रश्न. पुढची १५ मिनिटं तिसरीला नवा भाग, तेव्हा चौथीचा लेखी सराव. मग अदलाबदल, चौथीला १५ मिनिटं. शेवटची ५ मिनिटं मुलं एकमेकांच्या वह्या बघतात आणि तुम्ही फेरी मारता.

सराव काय द्यायचा, ते सकाळी शाळा भरण्याआधी फळ्याच्या एका कडेला लिहून ठेवा. ऐन वेळी सुचत नाही. प्रत्येक गटात एक गटप्रमुख नेमा आणि दर आठवड्याला बदला. नाहीतर एकच हुशार मुलगी वर्षभर छोटी मॅडम होते आणि तिचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो.

'सर, मले समजून नाही राहिलं'

पवित्र पोर्टलवर राज्यभरातले जिल्हे निवडता येतात. त्यामुळे कोल्हापूर, बीड, नाशिककडचा उमेदवार दर्यापूर किंवा तेल्हारा तालुक्यात रुजू होतो. मराठी शाळा, मराठी शिक्षक, मराठी मुलं. तरी पहिले काही दिवस दोन्हीकडे गोंधळ असतो.

वऱ्हाडीत 'का' विचारायला 'काऊन' म्हणतात, शेत म्हणजे 'वावर', मुलगा म्हणजे 'पोट्टा'. मला-तुला होतं मले-तुले. 'तो येतो' ऐवजी 'तो येते'. काम चालू असेल तर 'करून राहिलो'. 'ळ'चा 'य' होतो: शाळा ती शाया, डोळा तो डोया, फळा तो फया. 'ण'च्या जागी 'न' येतो, म्हणून पाणी हे पानी.

आता दुसरीतलं मूल वहीत 'शाया' लिहितं तेव्हा ते चुकत नाही, ते ऐकलेलं अगदी बरोबर लिहितंय. त्यावर लाल फुली मारली, किंवा वर्गात हसू झालं, तर मूल पुढच्या वेळी लिहिणंच टाळतं. बोलणंही कमी होतं. जे मूल बोलत नाही, त्याला काय येतं हे शिक्षकाला कळायचा रस्ताच बंद होतो.

फळ्यावर दोन रकाने करा. एकीकडे 'घरी आपण काय म्हणतो', दुसरीकडे 'पुस्तकात काय लिहिलंय'. शाया-शाळा, डोया-डोळा. मुलंच यादी वाढवत नेतात. आठवड्याभरात प्रमाण मराठीही शिकवली जाते आणि तुमचीही वऱ्हाडी सुधारते. गावकऱ्यांशी बोलताना ती उपयोगी पडतेच.

मेळघाटात प्रश्न बोलीचा नाही, भाषेचा आहे

अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत चित्र आणखी वेगळं आहे. इथल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा कोरकू. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा भाषाकुळातली आहे. तिच्या नात्यातल्या संथाळी, मुंडारी या भाषा झारखंड, ओडिशाच्या बाजूला बोलल्या जातात. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे माणसं.

फरक फक्त शब्दांचा असता तर पाठांतराने भागलं असतं. पण व्याकरणाचा साचाच वेगळा आहे. मराठीत तीन लिंगं. कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी होते. मराठीत दोन वचनं. कोरकूत एक, दोन आणि अनेक अशी तीन. त्यामुळे पुस्तक 'ते', वही 'ती' आणि फळा 'तो' का, याला त्या मुलाच्या घरच्या भाषेत काही आधारच नाही. ते 'ती फळा' म्हणालं तर दुर्लक्ष किंवा आळस समजू नका. आपण इंग्रजी शिकताना जिथे अडखळतो, तशीच ती जागा आहे. आणि आपण इंग्रजीकडे वळतो तेव्हा निदान एक भाषा वाचता येत असते. या मुलाला मराठी बोलायला आणि वाचायला एकदमच शिकायचं असतं.

घटनेच्या ३५०-क या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी असं म्हटलंय. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ही शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा असं सांगतं. हा सगळा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि अशा क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवार शिक्षक म्हणून यावेत, या मागणीमागे भाषेचं हे कारणही आहे. पण मेळघाटात कोरकूंबरोबर गोंड, निहाल, गवळी अशा वेगवेगळ्या समाजांची वस्ती आहे. शिक्षक आदिवासी असला तरी त्याला कोरकू येईलच असं नाही.

मग नव्या शिक्षकाने काय करायचं? शाळेत आणि गावात आधीपासून असलेले दुभाषे शोधायचे. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडी सेविका, आशा ताई, चौथी-पाचवीतली मुलं. त्यांच्याकडून पहिल्या महिन्यात रोजच्या वापरातले ५० शब्द आणि १५-२० वाक्यं वहीत लिहून घ्या. ये, बस, पाणी, भूक, दुखतंय का, समजलं का, पुन्हा सांगू का. आकडे आणि प्राण्यांची नावं. नवा धडा सुरू करताना गोष्ट आधी एखाद्या मोठ्या मुलाला कोरकूत सांगायला लावा, मग मराठीत वाचा. मूल उत्तर कोरकूत देत असेल तर ते उत्तर आहे, हे आधी मान्य करा. मराठी शब्द त्यानंतर द्या.

पाठ्यपुस्तक उघडण्याआधी एक काम

रुजू झाल्यावर पहिली घाई असते ती अभ्यासक्रम गाठायची. पण चौथीत बसलेलं मूल चौथीचं वाचू शकतंच असं नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं ते यासाठीच. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट आहे. तिसरीनंतर प्रत्येक विषयाचं पुस्तक 'मुलाला वाचता येतं' असं धरूनच लिहिलेलं असतं. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी परिसर अभ्यास, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळंच बंद होतं. मूल शाळेत येतं, पण बसून राहतं.

'असर' सर्वेक्षणात वापरतात ती पद्धत सोपी आहे. मुलाला एकेकटं जवळ बसवा. अक्षरं वाचता येतात का, साधे शब्द, छोटा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. जिथे थांबतं ती त्याची पातळी. गणितातही तसंच: एक अंकी संख्या, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार.

एका मुलाला वाचनासाठी ५ मिनिटं धरा. तीस मुलांना १५० मिनिटं लागतात. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. आठवड्याभरात तुमच्याकडे एक पानाचा तक्ता तयार होतो. त्यानंतर रोज एक तास मुलांना इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे बसवा. दुसरीतलं आणि चौथीतलं मूल 'शब्द' पातळीच्या एकाच गटात असू शकतं. चौथीतल्या मुलाला कमीपणा वाटू नये म्हणून गटांना अ-ब-क ऐवजी नद्यांची किंवा झाडांची नावं द्या. पूर्णा, मोर्णा, सिपना, चंद्रभागा, काहीही चालेल.

या तक्त्याचा आणखी एक फायदा आहे. अधिकारी भेटीला आले आणि 'मुलं मागे का?' असं विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर असतं: जुलैत अकरा मुलं अक्षर पातळीवर होती, आज चार आहेत.

दिवाळीनंतर वर्ग रिकामा का होतो?

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्याच्या नंतर, जूनच्या अखेरीला उघडतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्ग रुळावर येतो. आणि मग सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापसाची वेचणी येते. आई-वडील वावरात, धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी घरी. मेळघाटातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं मजुरीसाठी खाली मैदानी भागात किंवा मध्य प्रदेशाकडे जातात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण.

पटावरची मुलं अशी अचानक दिसेनाशी झाली की नव्या शिक्षकाला ते मनाला लागतं. पण हे दरवर्षी होतं, त्यामुळे त्याची तयारी करता येते. वाचनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग जुलै ते ऑक्टोबरमध्ये उरकून घ्या. दिवाळीआधीच्या पालकसभेत कोण कुठे जाणार, मूल सोबत नेणार की आजीकडे ठेवणार, हे विचारून लिहून ठेवा. एखादा फोन नंबर घ्या. मूल सोबत जाणार असेल तर त्याला सांगा की तिथल्या शाळेत बसता येतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला मिळायला उशीर झाला, या कारणावरून त्याला प्रवेश नाकारता येत नाही. शक्य असेल तर तिथल्या मुख्याध्यापकांना एक फोन करा. आणि होळीनंतर परत आलेल्या मुलासाठी पंधरा दिवसांची वेगळी उजळणी आधीच ठरवून ठेवा. नाहीतर ते मूल थेट पुढच्या धड्यात बसतं आणि कायमचं मागे राहतं.

मुलं ऐकतच नाहीत, मग?

गावात अजूनही एखादे पालक सांगतात, 'मास्तर, दोन लगावा, पण पोट्ट्याले शिकवा.' हे विश्वासाचं बोलणं असतं, परवानगी नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी आहे. यात शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

कायदा बाजूला ठेवला तरी छडीने काही दिवसच शांतता मिळते. गोंधळ बहुधा ठरावीक वेळी होतो: तुम्ही एका वर्गाकडे वळता तेव्हा, वह्या वाटताना, आहाराच्या आधी. आठवडाभर नुसती नोंद करा. मग त्या दोन-तीन जागांसाठी ठरलेली पद्धत लावा. वह्या वाटायचं काम मुलांकडे, हात धुवायची रांग गटाप्रमाणे, शांत व्हायला एकच ठरलेली टाळी. नियम चार-पाचच ठेवा आणि ते मुलांसोबत ठरवा.

पोर्टल, रजिस्टर आणि 'आजच माहिती पाठवा'

शाळेत तरुण शिक्षक आला की मोबाइल-कॉम्प्युटरची सगळी कामं त्याच्याकडे सरकतात. यू-डायस, आधार जुळणी, अपार आयडी, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे फॉर्म. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अकरा वाजता मेसेज येतो आणि माहिती बारापर्यंत हवी असते. मेळघाटातल्या काही गावांत तर त्यासाठी आधी नेटवर्क शोधत फिरावं लागतं.

यात कायदा काय सांगतो ते माहीत असू द्या. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी विभागणीही केली. पण शाळेतल्या बऱ्याचशा नोंदी 'शैक्षणिक' किंवा 'अनिवार्य' या गटात मोडतात. आणि २०२७ ची जनगणना हे कायद्याला मान्य असलेलंच काम आहे.

म्हणजे पहिल्याच वर्षी नियम दाखवून भांडण्यात फारसा अर्थ नाही. व्यवहार्य मार्ग असा: पोर्टलला लागणारी मुलांची सगळी माहिती एकदाच एका शीटमध्ये भरा, म्हणजे तीच पुन्हा पुन्हा शोधावी लागत नाही. ऑनलाइन कामाला शाळा सुटल्यानंतरची किंवा भरण्याआधीची वेळ ठरवा. आणि मुख्याध्यापकांशी आपापसांत वाटणी करा: पोर्टल माझ्याकडे, तर कागदी रजिस्टर तुमच्याकडे.

खोली, पैसे आणि एकटेपणा

पहिलं मानधन लगेच हाती येईल असं धरू नका. कागदपत्रांची पडताळणी आणि शालार्थ प्रणालीतली नोंद यात वेळ जाऊ शकतो. रुजू होताना दोन-तीन महिन्यांच्या खर्चाची सोय करून या.

दुसरा निर्णय राहायचा. तालुक्याच्या गावी खोली घेऊन रोज अप-डाऊन, की शाळेच्या गावातच मुक्काम? परतवाड्याहून सेमाडोहमार्गे घाट चढणं पावसाळ्यात दमवतं. अकोट-तेल्हारा पट्ट्यात अंतर कमी असलं तरी उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. खारपाणपट्ट्यातल्या गावात राहणार असाल तर पिण्याच्या पाण्याची चौकशी आधी करा. तिथे भूजलच खारट आहे. एकट्या राहणाऱ्या शिक्षिकांनी खोली ठरवण्याआधी आधीच्या शिक्षिका, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर किंवा अंगणवाडी सेविकेला विचारणं सर्वांत भरवशाचं.

घरापासून पाचशे किलोमीटरवर, १६ हजारांत, घरच्यांना 'सरकारी नोकरी लागली' म्हणून आनंद झालेला असताना आपण खूश नाही, हे कुणाला सांगायचं तेही अवघड होतं. झोप उडाली असेल, सकाळी शाळेत जायच्या विचारानेच छातीत धडधडत असेल, तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर कधीही फोन करता येतो. सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मदत नेमकी कुणाकडे मागायची?

रोजच्या अडचणीसाठी पहिला माणूस म्हणजे सहकारी शिक्षक. इथे नव्या शिक्षकाच्या हातात सध्या एक वेगळी गोष्ट आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. त्यामुळे वीस वर्षं वर्ग सांभाळलेले अनेक शिक्षक पुन्हा अभ्यासाला बसलेत. तुम्ही ती परीक्षा पास होऊन आला आहात. तुम्ही त्यांना मानसशास्त्राचे प्रश्न सोडवायला मदत करा, ते तुम्हाला गाव आणि वर्ग समजावून सांगतील. सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे.

त्यानंतर केंद्रप्रमुख आणि दर महिन्याची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद. तिथे मागे बसून चहा पिण्याऐवजी एक प्रश्न लिहून न्या, म्हणजे 'दोन वर्गांचं वेळापत्रक कुणाचं नीट चाललंय? मला बघायला यायचंय.' शेजारच्या शाळेत परवानगीने घालवलेला एक दिवस दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतो. अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे डाएट आहे. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन मोफत मिळतात, दीक्षा अ‍ॅपवर पाठही असतात.

आणि गाव. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. बऱ्याच ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते. पण पंधरा दिवसांतून एक संध्याकाळ चार घरी जाऊन 'तुमच्या पोरीला आता गोष्ट वाचता येते' एवढंच सांगितलं, तरी पुढच्या वेळी तक्रारीचं बोलणंही ऐकून घेतलं जातं.

पहिल्या वर्षाचा हिशेब कसा मांडायचा?

नव्या शिक्षण धोरणाने शिक्षकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण आणि नव्यांना अनुभवी मार्गदर्शक मिळावेत असं म्हटलंय. ते प्रत्येक शाळेपर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. नव्या शिक्षकाला पहिले सहा महिने एक नेमलेला जोडीदार द्यायला आणि सगळी पोर्टल त्याच्या गळ्यात न घालायला मात्र वेगळा निधी लागत नाही. केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापकांनी ठरवलं तर ते याच सत्रापासून होऊ शकतं.

तोवर नव्या शिक्षकाने एप्रिलमध्ये जुलैचा तो एक पानाचा तक्ता पुन्हा काढावा. किती मुलं अक्षरावरून शब्दावर, शब्दावरून गोष्टीवर गेली, ते मोजावं. सगळी जाणार नाहीत. पण सात मुलं वाचायला लागली असतील, तर पुढच्या वर्षी ती सात मुलं स्वतःहून धडा उघडतील. कमी पटाच्या शाळेत सात हा मोठा आकडा आहे. आणि 'मला शिकवता येत नाही की काय?' या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच पानावर मिळेल.